गयाबाई, त्या आडाविषयी

गयाबाई,

सुजाताचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घराच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. "मॅडम, आई गेली," एवढंच म्हणून ती थांबली. मग जलदान विधी कधी आहे ते सांगितलं आणि ठेवून दिला. मी उरलेली जुडी निवडत राहिले. काय करावं ते सुचत नव्हतं, आणि हाताला ते एकच काम होतं.

विधीला मी आले. वस्तीवरच्या विहारापुढे मांडव घातला होता. खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला होता, त्यात तुम्ही रागावल्यासारख्या दिसत होता. फोटोवाल्यानं हसू नका म्हटलं असणार आणि तुम्ही ते मनावर घेतलं असणार. वंदना झाली. मग एकेक जण उठून बोलला. तुम्ही एकटीनं लेक शिकवली, औशाच्या दवाखान्यात नर्स केली, कुणापुढे हात पसरला नाही. एक म्हातारे म्हणाले, "गयाबाई जुनी हाडं शोधायच्या. लातूरच्या कॉलेजात त्यांचं नाव लागलंय." आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात आला. मी तुमच्या नजरेबद्दल बोलले, तुमच्या हुशारीबद्दल बोलले, मांजरा नदीच्या इतिहासात तुमचं योगदान वगैरे म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी माना डोलावल्या. किसनचं नाव मी घेतलं नाही.

त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे. पण तिथवर यायला मला थोडं मागून यावं लागेल.

लातूर जिल्हा नवा झाला होता. दोन-तीन वर्षं झाली असतील. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून वर 'जि. लातूर' रंगवलेलं होतं आणि खालची अक्षरं अजून दिसत होती. आणि पाऊस नव्हता. मांजरेचं पात्र दोन्ही काठांपर्यंत कोरडं पडलं होतं. तुम्ही पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होता. तिथं तुमच्या टिकावाखाली एक दात निघाला, मुठीएवढा, काळा, दगडासारखा जड. मुकादम म्हणाला राक्षसाचा दात. दुपारपर्यंत कुणीतरी शेंदूर आणायला गेलं. तुम्ही तो दात पदरात बांधलात आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूरला आलात.

हे सगळं तुम्हीच मला सांगितलं होतं. एका कचेरीत गेलात तर तिथला कारकून म्हणाला, जुनं दप्तर अजून तिकडंच आहे, उस्मानाबादला विचारा. दुसरीकडे म्हणाले, दात असेल तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. शेवटी एका शिपायानं तुम्हाला कॉलेजचा रस्ता दाखवला. भूगर्भशास्त्राच्या खोलीच्या दारात तुम्ही उभ्या राहिलात. मी तेव्हा नवी प्राध्यापिका. हदगावच्या कापसाच्या गावातून आलेली, शहाणी समजली जाणारी, आणि स्वतःलाही तसंच समजणारी.

"बाई, हे काय हाय? गावात राक्षस म्हनून राहिलेत. मला तर जनावराचं दिसतंय."

मी दात हातात घेतला. वरून झिजलेला होता आणि झिजलेल्या भागावर तीन पाकळ्यांसारखी नक्षी उमटली होती. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली नक्षी. "हा पाणघोडा आहे," मी म्हणाले.

"घोडा?"

"घोडा नाही. दिवसभर पाण्यात डुंबणारं जनावर. म्हशीपेक्षा मोठं. आता आपल्याकडे नाही, हजारो वर्षांपूर्वी होतं."

तुम्ही दात माझ्या हातातून परत घेतलात. मग म्हणालात, "म्हंजे आमच्याकडं तवा एवढं पानी व्हतं?"

मी वर्गात विद्यार्थ्यांना तासभर जे शिकवत असे, ते तुम्ही एका वाक्यात गाठलं होतं. पाणघोडा सापडला म्हणजे बारमाही पाणी होतं, खोल डोह होते, काठाला गवत होतं. जनावर काय खात होतं, कुठं राहत होतं हे कळलं की त्याच्या भोवतालची जमीन, पाऊस, नदी आपोआप कळत जाते. हाडाच्या एका तुकड्यावरून अख्खा मुलूख उभा करता येतो, हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं आणि तुम्ही अजिबात चकित झाला नाहीत. शेणावरून जनावर ओळखतो तसंच ना, म्हणालात.

त्यानंतर दोन उन्हाळे आपण मांजरेच्या दरडी पायाखाली घातल्या. मी हातोडी आणि वही घेऊन, तुम्ही खुरपं घेऊन. पाहण्याचं काम तुम्हीच करत होता. मला पिवळी माती दिसायची, तुम्हाला त्या मातीतला वेगळा तपकिरी ठिपका दिसायचा. हाड आणि दगड यात शंका आली तर जिभेला लावून बघायचं, जुनं हाड जिभेला चिकटतं, हे मी एकदाच दाखवलं. मग तुम्ही येता-जाता खडे जिभेला लावू लागलात. किसन हसायचा. "घरात खायाला न्हाई म्हनून दगडं चाटती का?" म्हणायचा.

किसन. लांब हाताचा, हळू चालणारा तुमचा नवरा. तो खडी फोडायला जायचा. संध्याकाळी आपण परत आलो की माझ्यासाठी बाज टाकायचा आणि समोर उकिडवा बसून विचारायचा, आज काय सापडलं. कासवाच्या पाठीचे तुकडे, रानगायीचं शिंग, दोन्ही शिंपा मिटलेला शिंपला. शिंपला मिटलेला का, हेसुद्धा त्यानंच विचारलं होतं. वाहून आला असता तर उघडून फुटला असता, मी म्हणाले, हा जिथं जगला तिथंच मेला, म्हणजे पाणी संथ होतं. त्यानं तो शिंपला बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

तुमच्या वस्तीला तेव्हा पाणी नव्हतं. गावातल्या विहिरीवर तुमच्या घागरी सगळ्यांच्या नंतर लागायच्या, आणि त्या वर्षी सगळ्यांचं होईपर्यंत विहिरीत काही उरायचं नाही. टँकर आला की चावडीपुढे थांबायचा, वस्तीपर्यंत यायचा नाही. बोअरची गाडी येणार होती. कधी, ते कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही पहाटे नदीच्या पात्रात झिरा खणून वाटी-वाटीनं घागर भरायच्या आणि मग माझ्याबरोबर हाडं शोधायला यायच्या. मी ते पाणी प्यायचे. पिताना मला त्याचं काही वाटलेलं आठवत नाही, आणि आता तेच आठवतं.

एका संध्याकाळी किसननं विचारलं, "बाई, जिथं हे जनावर व्हतं तिथं पानी व्हतं, असं म्हनताव. हाव ना?"

"हो."

"मग ती जुनी नदी कुठून गेली तुमाला कळतंय. तिथंच आड खांदला तर?"

वस्तीतले आणखी चार-पाच जण तिथं येऊन बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले. दरडीत वाळू-गोट्यांचा जो थर होता, तो जुन्या नदीचा तळ होता. तो कोणत्या दिशेनं आत जातो याचा मी अंदाज घेतला, वस्तीच्या मागच्या बाजूला चालत गेले आणि बाभळीपासून दहा पावलांवर टाच दाबली. "इथं," मी म्हणाले. "इथं खाली गोट्यांचा थर लागेल. त्यात पाणी धरलेलं असण्याची शक्यता चांगली आहे."

तुम्ही म्हणालात, "बाईनं सांगितलं म्हंजे लागंल." गयाबाई, ते तुम्ही म्हणाला नसता तर बरं झालं असतं.

सोळा दिवस खांदलं. दिवसा खडी फोडायची आणि संध्याकाळी आड. मी पुढच्या आठवड्यात आले तेव्हा दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल गेलं होतं. आधी काळी माती, मग पिवळी, मग चुनखडीचे खडे असलेली पांढुरकी. मी काठावरून वाकून एकेक थर बघत होते आणि मनात खूश होते, कारण सगळं माझ्या वहीतल्या आकृतीप्रमाणे चाललं होतं. बाजूंना लाकडं लावा असं मी म्हणाले का? मी चाळीस वर्षं आठवून पाहते आहे. एकदा म्हणाल्यासारखं वाटतं. लाकडं नाहीत, असं कुणीतरी म्हणाल्यासारखंही वाटतं. नक्की म्हणाले असते तर इतकं आठवावं लागलं नसतं.

त्या दुपारी मी तिथंच होते. गोट्यांचा थर लागला होता. किसन खाली होता, वर तुम्ही दोराला. पाटी वर आली, तुम्ही ती उपडी केलीत आणि हातानं गोटे चाचपलेत. "कोरडे हायत," तुम्ही म्हणालात. आतून किसनचा आवाज आला, "आजून जरा खाली बघतो." मग फार मोठा नसलेला एक आवाज झाला, पोतं टाकल्यासारखा. आडाची नदीकडची बाजू खाली बसली होती.

माणसं धावली. काढायला दोन तास लागले. तुम्ही शेवटपर्यंत दोर सोडला नव्हता, त्याचं दुसरं टोक मातीत गेलेलं होतं. किसनला वर आणलं तेव्हा त्याच्या तोंडात, नाकात वाळू होती. तुम्ही पदरानं ती काढत होता.

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. किसनला वर घेत असताना मी काठावर उभी होते, आणि माझी नजर ढासळलेल्या भिंतीवर गेली. तिथं मातीतून एक मोठी कवटी अर्धी बाहेर आली होती. जबडा, सुळे, डोळ्याच्या खोबणीची वर आलेली कड. मी ओळखलं. मी बघत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. मान वळवली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होता. तुमचा हात किसनच्या तोंडावर होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता.

मातीला मी थांबले. नंतर दोनदा आले, तुम्ही घरात नव्हतात, किंवा नाही असं सांगितलं गेलं. मग मी यायचं बंद केलं.

मे महिन्यात तुम्ही कॉलेजात आलात. तशाच दारात उभ्या राहिलात.

"बाई, ते डोस्कं काढून घ्या. पाऊस आला तर जाईल."

"गयाबाई, मला ते नको."

"तुमाला पायजे हाय," तुम्ही म्हणालात. रागानं नाही, वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं.

आपण ते काढलं. या वेळी आड रुंद केला, पायऱ्या काढल्या, बाजूंना वासे लावले. सगळं जे आधी करायला हवं होतं ते. तुम्ही स्वतः खाली उतरलात, मला आधी उतरू दिलं नाहीत. खुरप्यानं आणि पुढे जुन्या टूथब्रशनं तुम्ही सहा दिवस ती कवटी मोकळी करत होता, ज्या मातीनं तुमचा माणूस नेला त्या मातीत गुडघे टेकून. गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये बुडवून गुंडाळताना पट्ट्या कमी पडल्या तेव्हा तुम्ही घरातून एक धोतर आणून फाडलंत. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी काम करता करता, वर न बघता, तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी तुमी हे बघितलं व्हतं."

"हो."

"मीबी बघितलं, तुमाला बघताना."

मी थांबले. मला वाटलं आता पुढे काहीतरी येईल, शिवी येईल, आणि ती यावी असं मला खूप वाटत होतं. तुम्ही खुरपं पुसलं आणि पुढच्या कडेला लागलात.

तिथं एकच कवटी नव्हती. तिच्याभोवती हात-दोन हातांत पिल्लाची हाडं होती, रानगायीची होती, हरणाची होती, सगळी एकाच चिकणमातीच्या थरात. आणि त्या मातीला भेगा पडून गेलेल्या होत्या, भेगांत नंतरच्या पुराची वाळू भरलेली. मी तुम्हाला भेगा दाखवल्या. हा आटत चाललेला डोह होता, मी म्हणाले. चांगल्या वर्षी ही जनावरं एकमेकांच्या जवळ येत नाहीत. पाणी सगळीकडचं संपलं, हा एकच डोह राहिला, तिथं सगळी जमली आणि तिथंच मेली. मग कधीतरी पूर आला आणि त्यानं सगळं झाकलं.

"तवाबी दुष्काळ व्हता म्हना."

"होता. अनेकदा पडला असणार. नदीनं जागाही बदलली. मग हळूहळू पाणघोडे संपले."

"ती दुसरीकडं का गेली न्हाईत?"

"दुसरीकडे पाणी नव्हतं."

तुम्ही त्या पिल्लाच्या हाडांवरची माती बोटानं बाजूला केलीत. "एवढं सगळं तुमाला कळतंय," तुम्ही म्हणालात. "कवा काय मेलं, कशानं मेलं. हजारो वर्सांचं. आन बाभळीखाली पानी न्हाई एवढं कळलं न्हाई."

मी म्हणाले, हाडं गेलेल्या काळाचं सांगतात, आजच्या पाण्याचं नाही. ते खरं आहे. आजही वर्गात असते तर तेच सांगितलं असतं. पण तुम्ही मला शास्त्र विचारलं नव्हतं.

त्या कवटीमुळे माझं नाव झालं. दूरदूरचे लोक बघायला आले, या भागातली जुनी नदी कशी होती, किती पाऊस होता, कोरडे काळ कधी आले यावर लिहिलं गेलं. नवा जिल्हा, नवं कौतुक. कॉलेजनं काचेचं कपाट करून दिलं. खालच्या कार्डावर मी लिहिलं: पाणघोड्याची कवटी, मांजरा खोरे, शोध – गयाबाई. कुणी आक्षेप घेतला नाही. मला बरं वाटलं, काहीतरी फेडल्यासारखं. तुम्हाला मुद्दाम बोलावून दाखवलं, वाचून दाखवलं.

तुम्ही काचेवर बोट ठेवलंत. "माजं कशाला? त्यांचं टाकायचं व्हतं."

"शोधणाऱ्याचं नाव टाकतात, गयाबाई."

"मग त्यांनीच शोधलं की."

मी म्हणाले बघू. पुढे भेट झाली की तुम्ही विचारायच्या, "ते कार्ड बदललं का?" मी म्हणायचे करते. पाच मिनिटांचं काम होतं, कपाटाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असायची. पण किसनचं नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं हा कोण, आणि मला आड सांगावा लागला असता. तुमच्या नावानं तो आड झाकला जात होता. हे तुम्हाला कळलं असणार. तुमच्या नजरेतून काय सुटत होतं? निवृत्त होताना मी किल्ली नव्या माणसाकडे दिली. नंतर तुम्ही विचारणं बंद केलंत.

आणि तरीही तुम्ही येत राहिलात. सुजाताच्या नर्सिंगच्या फॉर्मवर सही हवी म्हणून आलात, तिची पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आलात. मी नांदेडला राहायला आले तरी वर्षातून एकदा, कधी शेंगा, कधी तीळ, आणि बरोबर कागदात गुंडाळलेला एखादा हाडाचा तुकडा. "हे बघा कामाचं हाय का." बहुतेक वेळा असायचं. तुम्ही मला माफ केलं होतं, की तुम्हाला त्या हाडांचीच ओढ होती, की तुम्ही दरवर्षी मला बोलायची एक संधी देत होता? मी दरवर्षी चहा करायचे, नदीच्या गोष्टी काढायचे. तुमच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच वर्गात शिकले नाही, हेसुद्धा कधी तोंडावर म्हटलं नाही. एक म्हणायला गेले असते तर दुसरंही निघालं असतं.

परवा विधी आटोपल्यावर मांडव रिकामा झाला. सुजाता भांडी मोजून बाजूला लावत होती. मी तिला म्हटलं, "थोडं बोलायचंय." ती पदर खोचून समोर बसली. तिचे हात किसनसारखे लांब आहेत. मी तिला सगळं सांगितलं. जागा मी दाखवली, बाजूंना लाकडं लावायला मी सांगितलं नाही, आणि तिच्या बापाला वर काढत होते तेव्हा मी कवटीकडे बघत होते. एकदाही न थांबता सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा उठून जाईल.

ती नर्स आहे, लोकांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. माझं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, हे आईला सांगायचं होतं."

"हो."

"ती वाट बघायची. तुमच्याकडून आली की मी विचारायचे, काय बोलल्या मॅडम? नदीचं बोलल्या, म्हणायची." ती उठली. "आता मला सांगून मी काय करू? माझ्यावर ठेवू नका हे."

तिनं मला फाट्यापर्यंत सोडलं. लातूरची बस आली तेव्हा पिशवी वर दिली. सावकाश जा म्हणाली, आणि बस हलायच्या आधीच परत फिरली.

तिचं बरोबर आहे. ते तिचं ओझं नाही. म्हणून तुमच्याच नावानं लिहिते, उशीर झाला आहे हे माहीत असून. आणि तिलाही जे सांगितलं नाही ते आता लिहिते.

टाच दाबण्याआधी, त्याच दिवशी सकाळी, आपण नदीच्या दरडीखाली उभ्या होतो. तोच गोट्यांचा थर तिथं उघडा पडलेला होता. मी त्यात हात घातला होता. आतपर्यंत कोरडा होता. पाणी असतंच तर ते तिथून केव्हाच गळून गेलं असतं, हे माझ्या मनात आलं होतं. संध्याकाळी किसननं विचारलं तेव्हाही ते मनात होतं. पण तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता, आणि मला माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली.